शिशाला तांब्याचा अंगरखा

माणसाच्या छंदांना अंत नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी गच्चीवर गुलाब फुलवितो, कोणी उभी हयात शब्दकोड्यांत घालवितो. परंतु बंदुकीची गोळी घरच्या घरी तयार करणे हाही एक छंद आहे, असे मी सांगितले तर फराळाला बसलेल्या आमच्या वाचकभगिनींच्या हातातली चकली हातातच राहील. तरीही गोष्ट खरी आहे. अमेरिकेत शेकडो सद्‌गृहस्थ कचेरीतून घरी आले की मोटारीच्या खोलीत शिरतात आणि शिशाच्या इवल्याशा दाण्याला तांब्याचा अंगरखा चढवीत बसतात.

हा अंगरखा हवाच कशाला? पूर्वी गोळी नुसती शिशाची असे. शिसे मऊ आणि 327 अंश सेल्सिअसला वितळणारे. 1884 साली फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली, गोळीचा वेग वाढला आणि बंदुकीच्या नळीतल्या पेचदार खाचांना शिसे चिकटून बसू लागले. त्यावरचा उतारा एदुआर्द रुबिन या स्विस अधिकाऱ्याने 1882 मध्येच शोधून ठेवला होता : आत जड शिसे, वर तांब्याचे पातळ वेष्टण.

छंदाचा जन्म मात्र टंचाईच्या पोटी झाला. दुसऱ्या महायुद्धात तांबे, शिसे सारे लढाईकडे वळले आणि हौशी शिकाऱ्यांना गोळ्या मिळेनात. तेव्हा नेमबाजीच्या मैदानात पडलेली लहान काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी कोणाच्या तरी नजरेस आली. 1943 च्या सुमारास कॅलिफोर्नियातील फ्रेड हंटिंग्टन याने त्यांपासूनच गोळीचा अंगरखा बनविण्याचा साचा तयार केला. जॉइस हॉर्नाडी या दुसऱ्या गृहस्थानेही हाच मार्ग धरला आणि 1949 मध्ये गोळ्यांचा धंदा थाटला. आज हॉर्नाडीच्या नावाची मोठी कंपनी आहे. आमच्या घरी जुन्या साडीची गोधडी होते, तिकडे फुंकलेल्या काडतुसाची गोळी झाली!

या कामातली खुबी समजावयाची तर गृहिणींनी करंजी डोळ्यांसमोर आणावी. तांबे ही पारी, शिसे हे सारण आणि शेवटी तोंड दाबून बंद करणे ही मुरड. फरक एवढाच की करंजीची पारी एका बाजूला जाड झाली तर खाणारा कुरकुर करीत का होईना, ती खातो. गोळीचे तसे नाही. ती हवेत गरगर फिरत जाते. तिची पारी एका अंगाला केसभर जाड झाली तरी वजन मध्यावरून ढळते आणि गोळी वाट सोडते. म्हणून हे छंदी लोक प्रत्येक दाणा तराजूत तोलतात, प्रत्येक अंगरख्याची जाडी मोजतात आणि नापसंत माल पुन्हा भट्टीत टाकतात.

माझ्या वर्गात कुर्ल्याचा एक विद्यार्थी आहे. याच कुर्ल्यात एके काळी प्रीमियरच्या कारखान्यात फियाट मोटारी बनत. तिथल्या एका गल्लीत त्याच्या वडिलांचा प्रेसचा लहानसा कारखाना आहे. पत्र्याच्या चकतीची वाटी आणि वाटीची नळी करणे हे त्याच्या रोजच्या पाहण्यातले. दाब बसला की तांबे कडक होते, तापविले की पुन्हा नरम पडते. पुण्याच्या तांबट आळीत घागर ठोकणाऱ्याचेही ज्ञान हेच. या छंदाची हकीकत ऐकल्यावर तो म्हणाला, "सर, बाबांच्या प्रेसवर हे सहज जमेल. मला बंदूक नको, नेमही धरायचा नाही. नुसती बनवून बघायची."

मी त्याला प्रथम कायदा सांगितला. 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनविता येत नाही. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागच काय, ते बनविण्याचे यंत्रही येते. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. आपल्याकडे हे काम करणारे सरकारी कारखाने आहेत : खडकीचा 1869 पासूनचा आणि वरणगावचा 1964 मधला. शिवाय शिशाची वाफ आणि धूळ पोटात गेली तर विषच, लहान मुलांना तर अधिकच.

पण त्याचे तोंड पडले ते पाहून मला वाटले, नुसत्या कायद्याने याचे समाधान व्हावयाचे नाही. तिकिटे जमविणारा पत्र टाकीत नाही म्हणून कोणाचे बिघडत नाही. गोळी मात्र कपाटात ठेवली तरी गोळीच राहते, आणि ते कपाट उद्या कोण उघडील हे करणाऱ्याच्या हाती नसते. या अंगरख्याचाच इतिहास पाहा. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात गेल्या शतकाच्या आधीच्या शतकाअखेर इंग्रजांनी टोकाशी अंगरखा उघडा ठेवलेली गोळी काढली. शरीरात शिरताच ती फुलत असे आणि भयंकर जखम करीत असे. 1899 साली हेगच्या परिषदेने असल्या गोळ्यांना युद्धात मनाई केली. इंग्लंडने ती 1907 मध्ये मानली. टोकाशी जरासे तांबे कमी, एवढ्याशा कारागिरीसाठी राष्ट्रांना एकत्र बसावे लागले! ज्या कामगाराने तो साचा घासला असेल, त्यालाही काम नेटके उतरल्याचा आनंद झालाच असेल.

मग या हातांनी करावे काय? नेमकेपणाची भूक वाईट नव्हे. तिला दुसरे अन्न शोधावे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या त्रिस्थिती स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. कुर्लेकरांच्या रोजच्या गाडीचीच ही रेल्वे. मौज अशी की त्या स्पर्धेतल्या गोळीला अंगरखा नसतोच. ती साधी शिशाची असते. आणि असे नेमबाज ती घरी बनवीत नाहीत. आपल्या बंदुकीला कारखान्याची कोणती खेप मानवते, एवढे पारखून घेतात. त्यांची सारी कारागिरी श्वासात आणि बोटात.

आमच्या विद्यार्थ्याने मात्र नेमबाजीची वाट धरली नाही. त्याने वडिलांकडून पितळेचा एक तुकडा मागून घेतला आणि शेजारच्या लेथवर भोवरा कातला. पहिला डगमगला, दुसराही डगमगला. वजन मध्यावर आणण्याचे दुखणे इथेही तेच! पाचवा भोवरा त्याने माझ्या टेबलावर सोडला, तेव्हा तो फिरतो आहे की उभा आहे हे क्षणभर कळेना. आता सहावा चालू आहे, असे ऐकतो.