ठोके समोर दिसू द्या

आपल्या बऱ्याच मोहल्ल्यांत मैदान नाही. जिथं आहे तिथं बायका संकोचानं जात नाहीत. मग व्यायाम घरातच, कॉम्प्युटरवर व्हिडिओ लावून. माझं म्हणणं असं, की त्याच स्क्रीनच्या कोपऱ्यात हृदयाचे ठोकेही दिसायला हवेत.

हे अवघड नाही. छातीला बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो आणि ब्लूटूथनं पाठवतो. ही पाठवण्याची पद्धत ठरलेली असल्यानं क्रोममध्ये उघडलेलं साधं पानही आकडा दाखवू शकतं. त्यासाठी कुठल्या कंपनीकडे खातं उघडलंच पाहिजे असं नाही. घरातल्या बाईच्या ठोक्यांचा हिशेब परक्या सर्व्हरवर का जावा?

मात्र आकड्याला फतवा समजू नका. २२० मधून वय वजा करायचं. पंचेचाळिसाव्या वर्षी १७५ येतात. मध्यम व्यायामाला त्याचे ५० ते ७० टक्के, म्हणजे साधारण ८८ ते १२२. हा ढोबळ अंदाज आहे. बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांचे ठोके औषधानंच कमी राहतात. त्यांनी हा आकडा गाठायची जिद्द धरू नये, डॉक्टरांकडून आपली मर्यादा विचारून घ्यावी. आणि छातीत दुखलं, चक्कर आली, तर आकडा कितीही बरोबर दिसो, लगेच थांबावं.

शरीर ही अल्लाहची अमानत, असं आपण नेहमी म्हणतो. अमानतीची काळजी नुसत्या बोलण्यानं घेतली जात नाही.