जनरेटर आणि "जरा मोठाच घेऊ" नावाचा रोग

मुलांचे शाळेचे बूट आपण एक नंबर मोठे घेतो. पाय वाढणार असतो, त्यामुळे ते ठीकच आहे. पण इमारतीच्या लिफ्टचा पाय वाढत नाही. तरीही सोसायटीच्या मीटिंगमध्ये जनरेटरचा विषय निघाला की कोणीतरी काका हमखास म्हणतात, "घेतोच आहोत तर जरा मोठाच घेऊ." की सगळ्यांच्या माना डोलल्या!

माझं मत स्पष्ट आहे: गरजेपेक्षा फार मोठा जनरेटर घेणं ही दूरदृष्टी नाही. तो आळस आहे. बेरीज करायचा कंटाळा आला की माणूस मोठा आकडा निवडतो.

उदाहरण घरचंच देतो. आमच्या सोसायटीत ४४ फ्लॅट, दोन लिफ्ट. एका विक्रेत्याने (नाव नको) १२५ केव्हीएचं कोटेशन दिलं. झकास रंगीत पानं, पण त्यात लोडची यादीच नाही! म्हणजे डॉक्टरने नाडी न बघता औषध दिल्यासारखं.

मग मी विकांताला बसून यादी केली. १० एचपीच्या दोन लिफ्ट, मोटरची कार्यक्षमता धरून प्रत्येकी साडेआठ किलोवॅट, म्हणजे १७. पाण्याचा साडेसात एचपीचा पंप, साडेसहा. जिने आणि पार्किंगचे दिवे, अडीच. एकूण २६ किलोवॅट. जनरेटरचा केव्हीए आकडा ०.८ पॉवर फॅक्टर धरून असतो, म्हणजे १२५ केव्हीए = १०० किलोवॅट. सगळं एकदम चालू झालं तरी ते मशीन २६ टक्क्यांवर!

"मग बिघडलं काय? आरामात चालेल की!" नाही हो, तिथेच तर गोम आहे. डिझेल इंजिन ३० टक्क्यांच्या खाली तासन् तास चालवलं की सिलिंडर नीट तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही आणि काजळी-तेलाचा राडा एक्झॉस्टमध्ये साचतो. याला वेट स्टॅकिंग म्हणतात. धूर वाढतो, इंजिनाचं आयुष्य घटतं. शिवाय चांगल्या लोडवर लिटरला तीन-चार युनिट मिळतात, ते कमी लोडवर आणखी घसरतात. डिझेल लिटरला ९० रुपये धरलं तर चांगल्या लोडवरसुद्धा युनिट २२-३० रुपयांना पडतं, तेही नुसत्या इंधनाचं. हिशेब तुम्हीच करा.

विक्रेत्याचं ठेवणीतलं अस्त्र म्हणजे "सर, स्टार्टिंग करंट!" मुद्दा खरा आहे. मोटर थेट चालू केली तर सुरुवातीला सहापट वगैरे करंट खेचते. पण त्याला उपाय आहेत. पंपाला स्टार-डेल्टा स्टार्टर लावला की तो करंट एक तृतीयांशावर येतो. लिफ्टला व्हीएफडी असेल तर मोटर हळूहळू वेग घेते. आणि पंप नि लिफ्ट एकाच क्षणी सुरू होऊ नयेत म्हणून एक टायमर पुरतो. स्टार्टरचा प्रश्न जनरेटरचा आकार वाढवून सोडवणं म्हणजे स्लो क्वेरीला इंडेक्स न लावता नवा सर्व्हर विकत घेणं :-)

आता खरं दुखणं. दहाव्या मजल्यावरच्या आजी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहेत. पाच लिटरचं ते यंत्र साधारण ३५० वॅट खातं. त्या १२५ केव्हीएच्या योजनेत फ्लॅटला एकही तार जात नव्हती! म्हणजे रिकाम्या जिन्यात लख्ख उजेड, आणि जिला विजेची खरी गरज ती अंधारात धापा टाकणार.

त्याऐवजी ६२.५ केव्हीए घ्या, म्हणजे ५० किलोवॅट. वरच्या २६ मध्ये प्रत्येक फ्लॅटला ३०० वॅटचं मर्यादित सर्किट मिळवा: ४४ गुणिले ३०० म्हणजे साधारण १३. बेरीज ३९. आजींना ५०० वॅट दिले तरी मशीन ८० टक्क्यांच्या आतच. अर्धा आकार, आणि उपयोग प्रत्येक घराला. वायरिंगचा खर्च आहे, मान्य. पण तो खर्च माणसांवर होतो, काजळीवर नाही. आणि जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांसाठी, किंवा तो सुरूच झाला नाही तर, आजींकडे साइनवेव्ह इन्व्हर्टर आणि भरलेला सिलिंडर हवाच.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगतो. फायर पंप जनरेटरवर असेल तर बेरीज पार बदलते. तिथे काटकसर चालत नाही, अग्निशमनाचे नियम पाळायचे म्हणजे पाळायचे.

एकट्या फ्लॅटसाठी तर जनरेटरचा विचारही नको. तीन पंखे, चार-पाच एलईडी, राउटर, लॅपटॉप मिळून साडेतीनशे वॅट होतात. १५० एएचची एक ट्युब्युलर बॅटरी ते तीनेक तास ओढते. बाल्कनीत पेट्रोलचं यंत्र ठेवणारे महाभाग आहेत, त्यांना हात जोडून सांगतो: त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतला माणूस परत उठत नाही.

दुकान, क्लिनिक, ऑफिस घ्या, नियम तोच. आधी यादी करा: काय एक सेकंदही बंद पडून चालणार नाही, काय दहा मिनिटं चालेल, काय दिवसभर बंद राहिलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. पहिल्याला यूपीएस, दुसऱ्याला जनरेटर, तिसऱ्याला संयम!

आणि विक्रेत्याला तीन प्रश्न विचाराच. आकडा प्राइम रेटिंगचा की स्टँडबायचा? मशीन सीपीसीबी-४ प्लस आहे का? (१ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या जनरेटरना ते निकष लागू झाले.) लोडवर चाचणी करून दाखवणार का? रिस्टोर करून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नसतो, हे आपल्याला हपिसात पाठ असतं. जनरेटरचंही तसंच. ऐन वेळी मान टाकते ती बऱ्याचदा स्टार्टरची बॅटरी, महिनोन् महिने कोणी न पाहिलेली.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईचं ग्रिड कोलमडलं, तेव्हा कोणाच्या इमारतीत किती मोठं मशीन आहे याला काडीची किंमत नव्हती. ते सुरू होतं की नाही, आणि वीज योग्य ठिकाणी पोचते की नाही, एवढंच महत्त्वाचं होतं.

असो. पुढच्या मीटिंगला "बोअर होतं यार" म्हणून दांडी मारू नका. चार वर्षं इंजिनियरिंग केलंत, सर्व्हरचं कपॅसिटी प्लॅनिंग करून पगार घेता. मग घरच्या बेरजेच्या वेळी गप्प का? काकांना दोष देण्यात अर्थ नाही. निदान ते मीटिंगला येतात तरी.

ता.क.: लिफ्टला एआरडी बसवलं आहे का, तेवढं आजच बघा. वीज गेली की ते बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडतं. जनरेटर येईल तेव्हा येईल, पण आत अडकलेला माणूस तोवर थांबू शकत नाही.