केबल पोहोचली, अखंडतेचे काय?

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे छोटे स्थानक आहे. येथून मुंबई गाठायची, तर रेल्वेने पाचशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. काचेच्या तंतूतून धावणाऱ्या प्रकाशाला मात्र हेच अंतर कापण्यास सेकंदाचा सुमारे तीन हजारांश भाग पुरतो. तरीही ग्रामीण मराठवाड्यात 'सर्व्हर डाऊन' हे शब्द रोजच्या परिचयाचे झाले आहेत. हा दोष अंतराचा नव्हे.

आवाज, चित्र वा अक्षर यांचे प्रथम शून्य आणि एक या अंकांत रूपांतर होते. हे अंक लेसरच्या स्पंदांच्या रूपाने तंतूत सोडले जातात. दर १५ किलोमीटरला प्रकाश सुमारे निम्मा होतो. म्हणून लांब पल्ल्याच्या मार्गावर साधारणतः ८० ते १०० किलोमीटरवर प्रवर्धक बसवून त्याला पुन्हा बळ दिले जाते. या तंत्राचा पाया चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये घातला; त्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या सागरी केबल याच तत्त्वावर देशाला जगाशी जोडतात.

लांबचा पल्ला असा सुकर झाला. खरी कसोटी अखेरच्या टप्प्याची आहे. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली आणि २०१५ मध्ये तिचे 'भारतनेट' असे नामकरण झाले. राज्यात 'महानेट' प्रकल्प त्याचाच भाग ठरला. मात्र अनेक ठिकाणी केबल एकाच सरळ रेषेत टाकली गेली. रस्त्याच्या कामात जेसीबीने ती एका ठिकाणी तोडली, की पुढच्या सर्व गावांचा संपर्क तुटतो. मग रेशन दुकानातील अंगठ्याची पडताळणी खोळंबते, पीक विम्याचा अर्ज अडतो आणि शेतमजुराचा रोजगार बुडतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेटला मंजुरी दिली. त्यात केबलचे कडे करण्यावर भर असून दहा वर्षांच्या देखभालीचीही तरतूद आहे. कडे एका बाजूने तुटले, तरी दुसऱ्या बाजूने संदेश जातो. मात्र दोन्ही बाजू एकाच खड्ड्यातून गेल्या, तर हे कडे नावापुरतेच उरेल. किती किलोमीटर केबल पुरली, याऐवजी ती किती तास अखंड चालली, हा हिशेब सरकारने गावनिहाय जाहीर करायला हवा. पिंगळीसारख्या गावांच्या दृष्टीने यशाचे माप तेच आहे.