जेवढं बदललं, तेवढंच पाठवा

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी अडकलो होतो. पुलावर पाणी, बस बंद. प्रोजेक्ट बेळगावात, कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकावर. जमा करायला दोन दिवस उरलेले. सरांनी व्हीएनसी वापरून तो संगणक घरून उघडायची परवानगी दिली. पण आमची रेंज म्हणजे माळ्यावर चढल्यावर दोन दांड्या. पडदा पुढे सरकेचना. सर फोनवर म्हणाले, "अरे, आधी तो हलता वॉलपेपर काढ!" काढला, आणि काम सुरू झालं.

यामागचं गणित मग समजून घेतलं. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. प्रत्येकाचे ३ बाइट धरले तर एका चित्राचे ६२ लाख बाइट. सेकंदाला अशी ३० चित्रं आमच्या रेंजला कशी झेपणार? १९९० च्या दशकात केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत घडलेली व्हीएनसी म्हणूनच अख्खा पडदा सुरुवातीला एकदा पाठवते. पुढे बदललेले चौकोन तेवढे. खिडकी सरकवली तर "तुझ्याकडचा तो तुकडा उचलून इथे ठेव" एवढा मोजक्या बाइटचा निरोप पुरतो. शिवाय पाहणाऱ्याने मागितल्यावरच पुढचा बदल निघतो. रेंज मंदावली की मधल्या पायऱ्या गळतात, ताजं चित्र तेवढं येतं. हलता वॉलपेपर मात्र सारखा सगळा पडदाच बदलत राहतो. तिथे ही काटकसर चालत नाही.

आपल्या कॉलेजात नेमकं उलटं चालतं. चार ओळींची सूचना व्हिडिओतून येते, एक पानाची नोटीस भल्यामोठ्या स्कॅनमधून. काही मित्र म्हणतात, आता फाइव्ह-जी आलंय, कशाला एवढा विचार? शहरात राहणाऱ्याला हे बोलणं सोपं आहे. आमच्याकडे पावसात आधी वीज जाते, मग रेंज.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: लॅबच्या संगणकांवर साधी एकरंगी पार्श्वभूमी ठेवावी, सूचना मजकुरातच पाठवाव्यात, आणि घरून संगणक उघडायची सोय पावसाळ्याआधीच सर्वांना सांगावी. मी फोन केला म्हणून मला ती कळली. शेजारच्या गावातल्या माझ्या वर्गमैत्रिणीला कळलीच नाही. तिचा प्रोजेक्ट पूर्ण होता, लॅबमध्येच पडून होता. उशीर झाला म्हणून तिचे दहा गुण गेले.