एक फुल, एक हाफ

लेकीला कॉलेजात सोडायला बीडहून एसटीने छत्रपती संभाजीनगरला निघालो. (आमच्या घरात अजून औरंगाबादच.) गादी, बादली, दोन बॅगा आणि दादीची लोणच्याची बरणी पाहून कंडक्टरने विचारलं, "घर बदलताय का?"

मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट. तिचं हाफ, माझं फुल.

गेवराई ओलांडून शहागडचा गोदावरी पूल येईपर्यंत माझ्या नसीहती चालल्या. वेळेवर जेव, नमाज चुकवू नकोस, रोज फोन कर. पाचोडपासून तिने सुरू केलं, "अब्बू, बीपीची गोळी सकाळीच घ्या. चष्मा फ्रिजवर असतो. अम्मीवर चिडू नका."

तिची अम्मी दहावीत पास झाली, पण बाहेरगावी पाठवायला कोणी तयार नव्हतं. काल तिनेच ही बॅग तीनदा भरली, तीनदा उपसली.

डॉ. रफीक झकेरियांनी १९६३ साली सुरू केलेल्या मौलाना आझाद कॉलेजच्या फाटकातून लेक आत गेली. मागे वळून पाहिलं, ते मी बरणी दिली का म्हणून!

परतीच्या गाडीत कंडक्टरने विचारलं, "बीड किती?"

मी म्हणालो, "एक फुल, एक हाफ."