चौपटीने परत

ख्रिस्ती क्षमेवरचा जुना आक्षेप असा: आठवडाभर पाप करायचे, कबुली द्यायची, की पाटी कोरी. कर्माचे फळ भोगल्यावाचून सुटका नाही असे मानणाऱ्यांना ही सवलत अनैतिक वाटली तर नवल नाही. पण ज्या शास्त्राच्या नावाने ती घेतली जाते, त्यात ती नाहीच. लूककृत शुभवर्तमानाचे अठरा आणि एकोणीस हे अध्याय सलग वाचावेत. अठराव्यात जकातदार मंदिरात दूर उभा राहून ऊर बडवतो आणि दया मागतो. नम्रतेवरच्या प्रवचनात हा दाखला हटकून येतो. पुष्कळदा प्रवचन तिथेच संपते, याचे मला वाईट वाटते. कारण पुढच्याच अध्यायात यरीहोचा जक्कय, तोही जकातदारच, येशूला पाहायला उंबरावर चढलेला, खाली उतरून हिशेब मांडतो: निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला नाडले त्याला चौपट. स्वतःहून कबूल केलेल्या लबाडीला मोशेचे नियमशास्त्र मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढेच मागत होते. चौपट लागे ती चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढरासाठी. जक्कयाने स्वतःला चोराचा दर लावून घेतला. ऊर बडवणे खरे होते की नाही, ते अशा हिशेबातून कळते.

यावर ख्रिस्ती वाचकच म्हणेल की तारण कृपेने मिळते, भरपाईने नाही. कबूल. येशू जक्कयाच्या घरी निघाला तेव्हा एक पैसाही परत झालेला नव्हता. कृपा आधी आली, भरपाई तिच्या मागून. पापमुक्तिपत्रांच्या विक्रीविरुद्ध 1517 साली उभ्या राहिलेल्या मार्टिन ल्यूथरनेही आपल्या पहिल्याच प्रबंधात ख्रिस्ती माणसाचे सगळे आयुष्य पश्चात्तापाचे ठरवले होते.

अधिक अवघड प्रश्न क्षमा करणाऱ्याचा आहे. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ख्रिस्ती मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे गाडीत जाळले गेले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली, आणि बारीपदाच्या कुष्ठरोग्यांची सेवा पुढेही चालू ठेवली. क्षमेने गुन्हेगार मोकाट सुटतात म्हणणाऱ्यांनी पुढचे पाहावे: खटला थांबला नाही, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कायम केली. ग्लॅडिसबाईंनी सोडला तो सूड. न्याय त्यांनी सोडला नव्हता.

म्हणूनच मार खाणाऱ्या बाईला ‘ख्रिस्ताने क्षमा केली, तूही कर, घर मोडू नकोस’ असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचा आणि धर्मगुरूंचा मी निषेध करतो. ती क्षमा तिच्या वतीने दुसऱ्या कुणालाही देता येणार नाही. आधी नवऱ्याला बसवून विचारा, चौपटीचे काय? जक्कयाने नाडलेल्या लोकांनी त्याला माफ केले की नाही, हे लूक सांगत नाही. पैसे घेऊन त्यांनी दार लावून घेतले असेल, तरी जक्कयाला तक्रारीला जागा नव्हती.