हलगी सुटली, डीजे अडकला. वाजवणाऱ्या पोरांनी आता जायचं कुठं?

लग्नसराई असो की गणपती, बातमी ठरलेली असते. 'डीजे चालकावर गुन्हा, साउंड सिस्टीम जप्त.' खाली कमेंटमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते बरं झालं, म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडकी भरते. दुसरी म्हणते, आमच्या सणालाच कायदा कसा आठवतो? या भांडणात मिक्सरच्या मागं उभा असलेला पोरगा कोण, कुठनं आला, त्याच्या डोक्यावर कर्ज किती, हे विचारायला कोणी जात नाही.

आपल्याकडं 'डीजे' म्हणजे माणूस नव्हे, गाडी. 'डीजे आला' म्हटलं की टेम्पो डोळ्यासमोर येतो, ऑपरेटर नाही. तिथनंच गडबड सुरू होते.

हे पोरगं बऱ्याच वेळा वाजवणाऱ्या घरातलं असतं. आजा हलगी नाहीतर सनई वाजवायचा, बाप ब्रास बँडमध्ये किंवा बँजो पार्टीत होता, आणि हा सातवी-आठवीत ताशा गळ्यात अडकवून बापाबरोबर वरातीला जायला लागला. पुढं बँजोच्या गाडीवर ऑक्टापॅड आला, तो त्याच्या हातात आला. तिथं वायरी जोडायला शिकला, माइक शिट्टी का मारतो ते कळलं. मग लॅपटॉप, मोबाइलवर रिमिक्स, आणि एक दिवस स्वतःच्या नावाचा बोर्ड लावलेला सेट. ताशापासून मिक्सरपर्यंतची ही वाट दहा-बारा वर्षांत कापलेली पोरं प्रत्येक तालुक्यात सापडतील.

ही वाट पैशासाठीच धरली असं म्हणणं अर्धवट आहे. हलगी, डफडं, सनई ही वाद्यं पिढ्यानपिढ्या मातंग, होलार आणि इतर काही समाजांनी सांभाळली. पण वाजवणाऱ्याला गावानं मान दिला नाही. देवाची पालखी त्यांच्याशिवाय हलायची नाही, आणि जेवायच्या पंगतीत ते शेवटी. 'ए वाजंत्री' अशी हाक. तोच पोरगा मिक्सरवर उभा राहिला की नवरदेवाचा मामा येऊन म्हणतो, 'दादा, आमचं एक गाणं लावा की.' ए चं दादा झालं. हा फरक ज्याला कळत नाही, त्यानं डीजे सोडून परत हलगी धरा असा सल्ला देऊ नये.

आता हिशोब बघू. समजा सेटसाठी ५ लाखांचं कर्ज काढलं, १२ टक्के व्याजानं, ५ वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता साधारण ११ हजार १०० रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख ३३ हजारांवर. आषाढी ते कार्तिकी लग्नं जवळजवळ बंद. मधे गणपती, नवरात्र आणि एखादी जयंती किंवा मिरवणूक. हप्ता मात्र बाराही महिने चालू. त्यात डिझेल, टेम्पोचं भाडं, चार पोरांची हजेरी, फाटलेले कोन बदलणं. सुपारी घेताना इसार मिळतो, उरलेले पैसे वरात संपल्यावर. रात्री अकरा वाजता पिलेल्या माणसाकडनं पैसे वसूल करणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच विचारा. अशात गणपतीत सेट जप्त झाला तर सोडवायला कोर्टात अर्ज, वकील, तारखा. सीझन तेवढ्यात निघून जातो.

ज्यांच्या मालकीचा सेट आहे त्यांची ही गत. पण बरीच पोरं मालक नसतातच. सेट एखाद्या पैसेवाल्याचा, आणि ज्याच्या कानावर सगळा धंदा चालतो तो ऑपरेटर रोजंदारीवर. गुन्ह्यात मात्र त्याचं नाव लागू शकतं, कारण मिक्सरवर तोच उभा असतो.

कायदा नीट माहीत नसल्यानं नुकसान वाढतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाना, शाळा, कोर्टाच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०. सार्वजनिक जागी लाउडस्पीकर लावला तर जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल तेवढाच. म्हणजे वस्तीत दिवसा ६५. रात्री १० ते सकाळी ६ बंद. सरकार वर्षातनं जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्रीच्या या बंधनात वाद्यंही आली. तेव्हा 'पारंपरिक वाद्य आहे, चालतंय' हा समज चूक. जोरात वाजणारं ढोल-ताशा पथक जवळनं १०० डेसिबलच्या पुढं सहज जातं. टेम्पोच्या सांगाड्यात परस्पर बदल करून भिंत उभारली तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, ते वेगळंच.

खरं सांगायचं तर ६५ ची मर्यादा मिरवणुकीत कोणीच पाळत नाही, आणि पोलिसांनाही ते माहीत आहे. म्हणून कारवाई कोणावर होणार हे आवाजावर कमी आणि ओळखीवर जास्त ठरतं, असं ही पोरं म्हणतात. हे म्हणणं खोडायचं असेल तर प्रत्येक पोलिस ठाण्यानं मीटरचे आकडे जाहीर करावेत. सोपं आहे.

पण पोरांचंही एक चुकतं, आणि ते स्पष्ट बोललं पाहिजे. भिंत मोठी म्हणजे आवाज मोठा, ही समजूतच त्यांना बुडवते. तेवढ्याच स्पीकरवर वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. शेजारच्या गावाच्या सेटला हरवायला पुन्हा दोन लाख टाकले, तर ते पैसे ऐकूच येत नाहीत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे पुढच्याचे कान जातात आणि मागच्याला शब्द कळत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मोठ्या मैदानात ३४ मीटरवर दुसरे स्पीकर लावून त्यांना सेकंदाचा दहावा भाग उशिरा वाजवलं, तर कमी आवाजात शेवटच्या रांगेला कीर्तन स्वच्छ ऐकू येतं. भिंत रचणं आणि साउंड इंजिनिअरिंग यातला फरक तो हाच.

आणि इथं हलगीवाल्याच्या पोराचा कान सगळ्यात पुढं आहे. हलगी जाळावर शेकून कातडं ताणलं की टिपेचा आवाज फुटतो, पावसाळ्यात ते सैल पडून बसतो, हे त्याला लहानपणी कळलेलं असतं. इक्वलायझरवर वरचा सूर उचलणं, खालचा कापणं हे त्याच शहाणपणाचं दुसरं रूप. दोन हलग्या केसभर मागं-पुढं झाल्या तरी त्याला खटकतं. स्पीकरचं डिले लावायला असाच कान लागतो. हे भांडवल कोणत्या बँकेच्या कागदावर दिसत नाही.

हा कान जपायला मात्र कोणी तयार नाही. १०० डेसिबलला कान साधारण १५ मिनिटं सुरक्षित असतात, अशी अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेची मर्यादा आहे. आमचा ऑपरेटर सहा-सहा तास उभा. वरातीहून आल्यावर रात्रभर कानात शिट्टी वाजते, ती 'होतंय असं' म्हणून सोडून देतात. ती शिट्टी म्हणजे इशारा आहे. आतल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये थोडक्या पैशात मिळतात. जनरेटरचं अर्थिंग आणि वरच्या तारा हा दुसरा धोका. ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारमध्ये हाजीपूरजवळ कावड यात्रेतला डीजेचा गाडा ११ हजार व्होल्टच्या तारेला लागला आणि किमान आठ जण गेले. आपल्याकडच्या गल्ल्यांत तारा किती खाली आहेत, ते सांगायला नको.

पुढची वाट आहे का? आहे, पण अरुंद. गावात आवाजाचं काम वरातीपुरतं नाही. सप्ताह, कीर्तन, शाळेचं गॅदरिंग, सभा, तमाशा, जत्रेतला ऑर्केस्ट्रा, आणि आता यूट्यूबसाठी भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग. या कामात दंगा कमी, जप्तीची भीती कमी आणि काम वर्षभर. पाच लाखांच्या भिंतीऐवजी एक चांगला मिक्सर, चार-सहा माइक आणि दोन टॉप घेऊन सुरुवात करणारा पोरगा उशिरा दिसतो, पण टिकतो. रेकॉर्डिंग शिकायला ऑडॅसिटी फुकट मिळतं. जुन्नर, राजगुरुनगर, शिरूर भागात वाढलेल्या अजय-अतुल यांनी 'सैराट'चं संगीत हॉलिवूडला जाऊन रेकॉर्ड केलं. गावाकडचा कान तिथवर पोचतो. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनीचा अभ्यासक्रम आहे, ऑस्कर मिळवलेले रसूल पूकुट्टी तिथलेच. पण त्याला पदवी लागते. बारावीत सुटलेल्या ताशावाल्यासाठी ते दार बंद.

सरकारच्या योजना बघितल्या तर गंमत वाटते. पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ ला आली, त्यात १८ व्यवसाय. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, फुलांचे हार करणारे, मासेमारीची जाळी विणणारे. वाजवणारा नाही. मुद्रा कर्ज मिळू शकतं, पण ते सेट घ्यायला पैसे देतं, शिकायला नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन शिकवतात. त्याच इमारतीत तीन महिन्यांचा आवाजाचा कोर्स मराठीत चालवायला किती खर्च येईल? मिक्सरची पुस्तिका इंग्रजीत, यूट्यूबवरचं शिक्षण बरंचसं हिंदीत. पोरगा निम्मं अंदाजानं चालवतो.

काही गावांनी डीजेबंदीचे ठराव केलेत, आणि वरातीला पुन्हा हलगी बोलावली जातेय. चांगलं आहे. पण भाव काय देता? शहरातल्या पथकांत नोकरदार पोरं हौसेनं फुकट वाजवतात. आमच्याकडं त्यावर चूल पेटते. पारंपरिक वाद्याचं कौतुक करणाऱ्या गावानं ठरावातच बिदागी किती आणि पंगत कुठली ते लिहावं.

गणपतीच्या आधी पोलिस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. मंडळांचे अध्यक्ष, पोलिस पाटील, पुढारी आणि पत्रकार बसतात, चहा होतो, 'नियम पाळा' असं सांगितलं जातं. त्या खोलीत आवाजाचं बटन ज्याच्या हातात असतं तो एकही ऑपरेटर नसतो. यंदा तालुक्यातल्या सगळ्या सेटवाल्यांना आणि हलगीवाल्यांना बोलवा, मीटर समोर ठेवून एकदा वाजवून दाखवा, किती आवाजाला काटा कुठं जातो ते त्यांच्याच कानांनी ठरू द्या.